मैनाच्या पिंपातली सरकी

१

पट्टीवर दुसरी रेघ उमटली तेव्हा छबुबाईच्या गोठ्यात निम्मी गल्ली जमलेली होती आणि सगळेजण पट्टीवर वाकलेले. नुसती मैना म्हैस रवंथ करत होती, तिला कशाचंच काही न्हवतं.

लुबनानं पट्टी उलटी केली, सुलटी केली, दारात उजेडाला नेली. रेघ काय हलेना.

आता ही पट्टी काय भानगड हाय ते आधी ऐका. सरकी म्हणजे कापसाचं बी. ते चेचायचं, जरासं पाणी घालायचं आणि ही कागदाची पट्टी त्यात बुडवायची. एक रेघ आली तर सरकी देशी. दोन आल्या तर बीटी. बीटी म्हणजे जीन बदललेला कापूस, पान खाल्लं की अळीच मरती. आख्खा बीड जिल्हा तोच लावतो, त्यात चोरून ठेवायसारखं काही न्हाई. पण छबुबाईचं तूप जायचं 'सेंद्रिय' म्हणून. लिंबागणेशातल्या बायकांचा गट होता, त्याचा दाखला होता, आणि दाखल्याचा नियम लई कडक. म्हैस जे खाईल ते पण सेंद्रियच पायजे, आणि जीन बदललेलं तर एक दाणासुद्धा चालायचा न्हाई. म्हणून छबुबाई स्वतःच्या रानात देशी कापूस लावायची, त्याची सरकी मैनाला घालायची. मैना नुकतीच व्यालेली. संक्रांतीचं सगळं तूप पुण्याच्या दुकानानं आधीच सांगून ठेवलेलं.

आणि पिंपातली सरकी निघाली बीटी.

"परत बघ," गटाची अध्यक्ष राजनंदिनी म्हणली. ती शेतीची पदवी घेतलेली, पण आवाज एवढासा झालेला.

"ताई, दोनदा बघितली. आता तीनच पट्ट्या उरल्यात."

लुबना बीडला बीएस्सी करून आलेली. गटाची तपासणी तिच्याकडंच असायची. तिच्याच हातानं ही रेघ निघाली, आणि पुढं जे झालं ते तिच्याच घरावर आलं.

छबुबाईचे मालक अर्जुनराव खाटेवरून उठले. दोनदा सरपंच राहिलेले, त्यामुळं गोठ्यात बोलले तरी सभेत बोलल्यासारखे बोलायचे.

"मला सांगा, कापूस आमचा. रान आमचं. मधी कुठं जातो कापूस? सरकी काढायला. कुणाच्या मशीनवर? अशफाकच्या."

सगळ्यांनी लुबनाकडं बघितलं. अशफाक तिचा सख्खा भाऊ. फाट्यावर त्याचं छोटं जिनिंग मशीन होतं, आणि गटाच्या देशी कापसावरच ते चालायचं.

"उद्या संध्याकाळी बैठक घेऊ," राजनंदिनी जमिनीकडं बघत म्हणली. "तवर कळलं न्हाई तर गटाचा कापूस अशफाककडं जाणार न्हाई. माझा विलाज न्हाई, लुबना."

लुबना तडक फाट्यावर गेली. मशीनच्या खोलीला कुलूप. शेजारचा टायरवाला म्हणला, "आत्ताच गोठ्यातली बातमी आली आन् हा गाडीला किक मारून गेला."

२

अशफाक दुपारी आला. हातात पिशवी, पिशवीत मशीनचा पट्टा.

"पळून गेलतास का भाई?"

"बीडला गेलतो. पट्टा तुटलाय काल. पळून जायचं असतं तर पट्टा आणायला गेलो असतो का, अकलेचे?"

"बातमी कळली न्हाई तुला?"

"कळली. म्हणूनच लवकर गेलो. म्हणलं परत येऊन निवांत शिव्या खाव्यात."

पण हसू काय त्याच्या डोळ्यापर्यंत गेलं न्हाई. त्यानं खोली उघडली, मशीनच्या तोंडाशी बसला आणि दात्याला अडकलेला कापसाचा एक धागा ओढून काढला.

"लुबी, गटाचा कापूस लावायच्या आधी मी हे मशीन हवा मारून धुतो. चाँदचाचाच्या गॅरेजमधून कंप्रेसर आणतो त्याच्यापायी. बीटीवाले येतात, म्हणतात आमचा बी काढून दे, मी न्हाई म्हणतो. आन् अर्जुनकाका म्हणतात मी मिसळलं."

"मला खरं वाटतंय. त्यांना कसं वाटंल?"

अशफाकनं जरा विचार केला. "छबुकाकूच्या माळ्यावर दोन पोती असतील. माझ्या हातानं शिवलेली, निळ्या सुतळीनं. ती उसवून बघ."

लुबना धावतच गेली. छबुबाईनं शिडी धरली, लुबनानं वरच्या पोत्याची निळी सुतळी उसवली, मूठभर सरकी काढली, चेचली, पट्टी बुडवली. दोघी पट्टीकडं बघत बसल्या.

एक रेघ.

थांबल्या. दुसरी आलीच न्हाई.

छबुबाईनं लुबनाचं डोकं छातीशी धरलं. "मला म्हाईत होतं गं. तुझ्या भावाला मी लहानपणी लोणी चारलंय."

पण खालून अर्जुनरावांचा आवाज आला. "पोत्यात चांगली आन् पिंपात वाईट? मंग काय पिंपात सरकीला पंख फुटले? अगं, मागच्या आठवड्यात कडबाकुट्टी दुरुस्त कराया गोठ्यात कोण आलतं? अर्धा दिवस कोण बसलं होतं पिंपाला टेकून?"

लुबना शिडीवरच थांबली. कडबाकुट्टी अशफाकनंच दुरुस्त केलेली.

३

पिंपापाशी आणखी कोण येऊ शकतं? लुबनानं अर्जुनरावांनाच विचारलं.

"काका, तुमी दिवसभर घरीच असता. गोठ्यात कोण कोण गेलं?"

"मी दारापुढं वट्यावर बसलेला असतो. माझ्या नजरेखालून मुंगी जात न्हाई."

"मंग मिसळणारा कसा गेला?"

"तेच तर तू शोधायलीस न्हवं?" म्हणले आणि पेपर उघडला.

तर पहिलं नाव आलं हनुमानचं. अर्जुनरावांचा पुतण्या, बी-बियाण्याचं दुकान, आणि सेंद्रियची टिंगल करायला कुठलंही निमित्त चालायचं त्याला. लुबना गेली तेव्हा तो हॉटेलात दोन दोस्तांबरोबर भजी खात बसलेला.

"या, फौजदार. भजी घ्या. बीटी न्हाई, कांद्याची हाय."

"हनुमानदादा, काकूच्या पिंपात सरकी तुमी टाकली का?"

दोस्त खिदळले. हनुमाननं भजं खाली ठेवलं. "बघ, मी बीटी विकतो, बीटी लावतो, मला लाज न्हाई. वीस वर्षं झाली, गल्लीतल्या सगळ्या म्हशी बीटीची सरकी खातात. एखादी म्हैस उडाया लागली का? दुधात काय उतरतं का?"

"न्हाई उतरत. मी शिकलेय तेवढ्यावरनं सांगते, न्हाई उतरत."

हनुमाननं भजं परत उचललं. असं सरळ उत्तर येईल असं त्याला वाटलं न्हवतं. "मंग भांडण कशाचं?"

"काकूनं गिऱ्हाइकाला सांगितलंय, माझी म्हैस अमुक खाती, तमुक खात न्हाई. ते खरं पायजे, एवढंच. तुमी दुकानात एक बी सांगून दुसरं देता का?"

"माझ्या दुकानात तसलं चालत न्हाई," हनुमान एकदम ताठ झाला. मग जरा मऊ पडला. "तसंच म्हण की मंग. कावून ते नैसर्गिक-फैसर्गिक भाषण करता? आन् ऐक. मला काकूला त्रास द्यायचा असता तर मी चांगलं पोतं वतलं असतं. मूठ-मूठ टाकायला मला टाइम हाय का?"

लुबनाला हे पटलं. पण 'मूठ-मूठ' ह्याला कसं म्हाईत?

"तुमाला कुणी सांगितलं मूठभरच टाकली म्हणून?"

"मी बघितलंय ना," हनुमान भज्याला चटणी लावत म्हणला. "परवा दुपारी. पदराखाली कायतरी लपवून मागच्या बाजूनं गोठ्यात शिरताना. कडूबाई."

४

कडूबाई म्हणजे छबुबाईची शेजारीण. दोघींच्या घरात एकच भिंत, आणि वर्षभर दोघी एकमेकींशी बोलत न्हवत्या. भांडण कशावरनं झालं ते दोघींनाही नीट आठवत न्हवतं, पण मिटवायला कुणी तयार न्हाई. त्यात कडूबाईचं दूध डेअरीला जायचं आणि छबुबाईचं तूप पुण्याला. गल्लीत सगळ्यांना वाटायचं, हिच्या पोटात दुखतं.

"कडूमावशी, छबुकाकूकडं गेलता का तुमी?"

"मी तिच्या दारात पाऊल ठिवलं न्हाई."

"हनुमानदादानं बघितलंय. परवा. गोठ्यात."

कडूबाई भाकरी थापत होती. थापायची थांबली न्हाई, उलट जोर वाढला. "मंग गोठ्यात ठिवलं आसंल. गोठा म्हशीचा हाय. माझं म्हशीशी भांडण न्हाई."

लुबनाला हसू आलं, पण दाबलं. "कशाला गेलता?"

"व्यालेली म्हैस बघाया जाऊ ने का माणसानं? रेडकू कसं हाय, काळं हाय का भुरं हाय, बघून आले."

"पदराखाली काय होतं मावशी?"

आता मात्र भाकरी थांबली. कडूबाईचा चेहरा एकदम लाल झाला. आणि गंमत म्हणजे चोरी पकडल्यावर होतो तसा न्हवे. पोरीनं लाजावं तसा लाल.

"ते मी सांगणार न्हाई," ती म्हणली. "मारून टाकलं तरी न्हाई. आन् तिला तर मुळीच सांगू नको मी आलते म्हणून."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी लुबना परत गोठ्यात गेली. आता तिनं ठरवलं, माणसांना विचारणं बास. पिंपालाच विचारायचं.

छबुबाईकडून जुनं लुगडं मागून घेतलं, अंगणात उन्हात पसरलं, आणि पिंपातली सरकी वाटीवाटीनं काढून थरावर थर ओळीनं मांडली. वरची आधी, तळाची शेवटी. तळातली एक मूठ चेचून पट्टी बुडवली. एक रेघ. म्हणजे मैना व्यायच्या आधी भरलेली सरकी चोख. जे काय झालं ते व्याल्यानंतर, आणि फक्त वरच्या भागात.

मग ती वरच्या ढिगापाशी मांडी घालून बसली आणि दाणे निवडू लागली. देशी सरकी बारीक, हिरवट लव असलेली. त्यात ही दुसरी. पण दुसरी पण एकसारखी न्हवती. काही दाणे जाड, पांढरे. काही मळके, गोदामात पडून राहिल्यासारखे. काहींना तेलाचा वास. एका घरची सरकी न्हवतीच ती. चार-सहा घरची तरी असेल.

आणि सरकीत ज्वारी. दहा-बारा दाणे, टपोरे. आणि एका कोपऱ्यात चिकट काहीतरी, त्याला मुंग्यांची ही रांग लागलेली. लुबनानं बोटानं उकरलं, चाटून बघितलं.

गूळ.

"काकू, तुमी पिंपात गूळ टाकता?"

"खुळी का काय? पिंपात कोण गूळ टाकतं? मैनाला द्यायचा तर हातानं देते मी."

लुबना तशीच बसली. वाईट करायला आलेला माणूस बीटीची सरकी टाकील. चिडलेला असला तर दगड-माती टाकील. गूळ कावून टाकील? वैऱ्याचं तोंड गोड करायला कोण येतं?

डोकं भणभणायला लागलं. बैठकीला वेळ होत आलेली. ती तोंड धुवायला म्हणून घरी गेली. घरात तिची आई हजराबी शेळीच्या सरकीचं पोतं उघडून बसलेली. बाजारातली सरकी, म्हणजे बीटीच. तिच्यासमोर एक लखलखीत घासलेला पितळी तांब्या, आणि ती त्यात ओंजळीनं सरकी भरत होती.

"अम्मी, हा तांब्या कुणाचा?"

"छबुभाभीका. भैंस जनी तो चीक नहीं भेजी क्या उनो? तूच तो खाई पेट भरके. लौटाने का रह गया मेरा."

तांब्याच्या काठावर कोरलेलं होतं, 'छबुबाई'.

"आन् त्यात सरकी कावून भरायलीस?"

हजराबीनं तिच्याकडं असं बघितलं, जसं काय पोरगी शिकून वाया गेली. "खाली बर्तन कैसा देना?" म्हणली, आणि डब्यातून गुळाचा खडा काढून सरकीवर ठेवला.

"अम्मी," लुबना दारातच बसली. "हात तसाच ठेव. हलू नको."

६

बैठक छबुबाईच्या अंगणात. अर्जुनराव खुर्चीवर, अशफाक भिंतीला टेकून उभा, कुणाकडंच न बघता. हनुमान पण आलता, फुकटची करमणूक म्हणून. कडूबाई स्वतःच्या दारात उभी होती. म्हणजे आलेली पण न्हाई आणि न आलेली पण न्हाई.

"मी काय सांगणार न्हाई," लुबना म्हणली, "नुसतं विचारणार हाय. मैना व्याली तेव्हा छबुकाकूनं चीक कुणाकुणाला दिला?"

बायका एकमेकींकडं बघाया लागल्या. "आमाला दिला." "आमाला बी." "किटलीभर दिला, त्याचा खरवस केला, जावई आलते." सगळ्या गल्लीचे हात वर.

"आन् भांडं रिकामं कुणी परत दिलं?"

सगळे हात खाली आले. मग धनश्री, समोरच्या घरातली नवी सून, जरा रागावूनच म्हणली, "रिकामं कोण देईल? तेबी चिकाचं भांडं?"

"मंग त्यात काय घातलं?"

"व्यालेल्या म्हशीच्या घरी काय देतात? सरकी. वर गूळ."

"आमच्याकडं जनावर न्हाई," मागून एक म्हातारी म्हणली. "मी ज्वारी घातली."

राजनंदिनीनं कपाळाला हात लावला. तिला कळलं होतं. हनुमानला पण कळलं होतं, त्याचे खांदे हलाया लागलेले.

"पण मी सकाळी सगळ्यांना विचारलं, पिंपात कुणी काय मिसळलं का," राजनंदिनी म्हणली, "तर सगळ्या न्हाई म्हणल्या."

"आमी कुठं मिसळलं? आमी भांडं परत दिलं," धनश्री म्हणली. तिच्या तोंडावर नुसता खरेपणा होता.

"बरोबर हाय तिचं," लुबना म्हणली. "आता शेवटचं. काकू तेव्हा रानात होत्या, वेचणीला. भांडी कुणाच्या हातात दिली?"

आख्ख्या अंगणानं मान वळवली. खुर्चीकडं.

अर्जुनराव खाकरले. धोतराचा सोगा नीट केला. "दिली माझ्याकडं. मंग? बायका मानानं सरकी आणतात, ती काय उकिरड्यावर टाकू? सरकी सरकीत टाकली. त्यात मिसळलं कुठं?"

हनुमान आधी फुटला. मग गल्ली फुटली. एक बाई हसता हसता खालीच बसली. मैना दावणीतून मान वर करून बघाया लागली.

"आन् मला सांगितलं 'भांडी आली'," छबुबाई डोळे पुसत म्हणली, "मी म्हणलं आली तर आली. मुंगी जात न्हाई म्हणं नजरेखालून. मुंग्यांना गूळ तर हेच घालायले."

"सगळीच माझ्या हातातून न्हाई गेली," अर्जुनराव पुटपुटले. "एक तांब्या तर वट्यावर आलाच न्हाई. आपसूक फळीवर येऊन बसला."

छबुबाईचं हसू थांबलं. तिनं हळूच शेजारच्या दाराकडं बघितलं. "कडू, तुझ्याकडचा तांब्या होता तो?"

कडूबाईनं पदर सावरला. मग म्हणली, "तू चीक पाठिवला. आपलं बोलणं न्हाई तरी पाठिवला. मी खाल्ला. मंग परत द्यायला नको? पण वट्यावरनं आले असते तर तुला वाटलं असतं मी बोलाया आले."

"मंग आता काय करायलीस? न बोलता उभी हायस व्हय?"

कडूबाई उंबरा उतरून आली. छबुबाई सरकली, सतरंजीवर जागा केली. ह्यापुढं दोघी काय बोलल्या ते हसण्याच्या गोंधळात कुणाला ऐकू गेलं न्हाई.

मग राजनंदिनीनं आवाज चढवला. "लबाडी कुणाचीच न्हाई, दाखला राहील. पण म्हशीनं खाल्लंय ते खाल्लंय. काकू, संक्रांतीचं तूप..."

"सेंद्रियची चिठ्ठी लावायची न्हाई त्याला," छबुबाईच म्हणली. "मी दुकानदाराला सांगते. म्हशीला गल्लीनं जेवायला घातलं म्हणते. पुढची तपासणी चोख निघाली की परत पाठवीन."

"आन् हे तूप?"

"हे इथंच खपंल की," हनुमान म्हणला. "मला एक किलो टाका. मला बीटी चालतंय."

"पण मंग भांड्यात घालायचं काय?" धनश्रीनं विचारलं, आणि हा खरा पेच होता. आता कुणी पुढच्या वेताला चिकाचं भांडं रिकामं देणार? ते कुणालाच मान्य न्हाई. ज्वारी द्या, एकजण म्हणली. म्हशीला ज्वारी? शोभतं का? नुसता गूळ? तेवढ्यानं तांब्या भरत न्हाई.

कडूबाई म्हणली, "छबे, देशी कापसाचं बी हाय तुझ्याकडं? पुढच्या पावसाळ्यात बांधाकडंला दोन ओळी लावीन म्हणते. औषध-बिवषध न्हाई मारत. विकाया न्हाई, भांड्यात घालायपुरती."

"मला बी दे दोन ओळीपुरतं," म्हातारीनं सांगितलं. तिला रान न्हवतं, परसात लावणार होती. मग सगळ्याच बायका बी मागाया लागल्या. हनुमान डोळे मोठे करून बघत राहिला. त्याच्या दुकानासमोरच्या गल्लीत घरटी दोन ओळी देशी कापूस लागणार होता, आणि त्याला कुणी विचारलंसुद्धा न्हवतं.

भिंतीला टेकलेल्या अशफाकशी मात्र अजून कुणी काही बोललं न्हवतं. लुबनाच्या ते ध्यानात होतं. तिनं अर्जुनरावांकडं बघितलं. अर्जुनराव दुसरीकडं बघाया लागले, उठले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर टेम्पो आला. दुसऱ्या वेचणीचा कापूस, आणि वर गठ्ठ्यावर स्वतः अर्जुनराव बसलेले, फेटा-बिटा बांधून. खाली उतरले. अशफाक नवा पट्टा बसवत होता, लुबना टॉर्च धरून उभी होती. अर्जुनराव बराच वेळ मशीनकडं बघत राहिले, जसं काय ते मशीन त्यांना आधी कधी दिसलंच न्हवतं.

"अशफाक," ते शेवटी म्हणले, "सगळ्या गल्लीसमोर बोललो मी. तेबी गल्लीसमोरच माघारी घेतो. आज संध्याकाळी. भोंगा लावून घेऊ का?"

"भोंगा नको काका. चहा पाजा."

"पाजतो." अर्जुनरावांचा जीव एकदम मोकळा झाला. त्यांनी पोत्यात हात घालून कापूस वर काढला, फुंकला, परत टाकला, दुसऱ्या पोत्यात हात घातला. "पण आता नीट बघ रं. एक दाणा बी भेसळ व्हायला नको."

अशफाकनं पट्टा ओढून बघितला, बटणावर बोट ठेवलं आणि म्हणला, "मंग तुमी जरा लांब बसा, काका."